सांडलं ते मावशीचं

खताच्या त्या गोदामात दोन प्रकारचे नियम होते. एक भिंतीवर लावलेले, ते कुणी वाचत नसे. दुसरे तोंडी, ते सगळे पाळत. तोंडी नियमांतला सगळ्यात जुना नियम असा, की पोतं फाटून जे जमिनीवर सांडेल ते झाडणारीचं. हमालांनी पोती उचलायची, कारकुनानं ती मोजायची, आणि खाली जे मातेरं उरेल, म्हणजे धूळ, सुतळीचे तुकडे आणि त्यात मिसळलेलं खत, ते मावशीनं घरी न्यायचं. पगार तिला बेताचाच होता, मातेरं धरून ठरवलेला. कामावर घेताना शेठनी हे तोंडी सांगितलं, तिनं मान डोलावली, आणि बावीस वर्षं दोघांपैकी कुणीही शब्द फिरवला नाही. हल्ली चार चार सह्या करूनही माणसं फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मावशी पन्नाशीच्या पुढची, अंगानं काटकुळी. आवाज मात्र असा, की तिनं या दारातून "मागं घ्या!" म्हटलं की त्या दाराशी उभा असलेला ट्रक मुकाट मागं यायचा. तिच्याकडे झाडू तीन. पांढऱ्या युरियाच्या बाजूला एक, करड्या सुपर फॉस्फेटच्या बाजूला दुसरा, तांबड्या पोटॅशला तिसरा. एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही.

"शेठकडे गाड्या दोन, मावशीकडे झाडू तीन," हमालांचा मुकादम म्हणायचा. "आता सांगा, श्रीमंत कोण?"

"श्रीमंत तुमची जीभ," मावशी म्हणायची. "पाय उचला, खाली झाडायचंय."

तीन झाडूंमागे एक फजिती होती. कामाच्या पहिल्याच महिन्यात तिनं सगळं मातेरं एका गाठोड्यात बांधलं, ते रात्रभर गोदामातच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन घरी निघाली. अर्ध्या वाटेवर मानेवरून काहीतरी ओघळायला लागलं. ऊन तर लख्ख पडलेलं. घरी पोचेपर्यंत गाठोड्याचा चिखल झाला होता आणि तिचा अवतार चुन्याच्या हौदात पडून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मुकादम पोट धरून हसला आणि मग त्यानं समजावलं, "पांढरं आणि करडं म्हणजे सवती हो मावशी. शेजारी शेजारी ठेवा, काही बोलायच्या नाहीत. एका पोत्यात घातल्या की रडून रडून पाणी होतात." तेव्हापासून झाडू तीन आणि ढीग तीन.

मातेरं चाळून, दर शनिवारी मुकादमाच्या हातगाडीवर घालून, ती कालव्याकाठी न्यायची. तिथं तिच्या धाकट्या जावेनं भाड्यानं घेतलेली अर्ध्या एकराची पट्टी होती. मावशीचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, आणि दीर ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे घरं दोन असली तरी संसार ओढणाऱ्या या दोघीच. खत थोरलीचं, घाम धाकटीचा, भाजी दोघींची, असा त्यांचा हिशेब होता आणि त्यावरून त्यांचं एकदाही वाजलं नाही. जावा जावांचं पटतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. या दोघींचं पटायचं, कारण एकीशिवाय दुसरीचं पान हलत नव्हतं. त्या पट्टीवरच्या कोबी-मुळ्यावर दोन्ही घरचं ताट भरायचं, आणि उरलेलं सायकलवर लादून जाऊ गावभर विकायची, त्यातून मावशीच्या मुलीचं नर्सिंगच्या शाळेतलं राहणं-खाणं निघायचं. मुलीचं शेवटचं वर्ष होतं.

त्याच वर्षी जगाचा बाजार बिथरला.

मावशीला ते कारकुनानं सांगितलं. तो सकाळी फोनवर भाव बघायचा आणि मोठ्यानं वाचायचा, कुणी ऐको न ऐको. कुठं तरी दूर दोन देशांचं बिनसलं होतं. त्यामुळं गॅस महागला होता, आणि युरिया म्हणे गॅसपासूनच करतात.

"आमच्या शेगडीचा गॅस?" मावशीनं विचारलं.

"त्याचाच मोठा भाऊ."

"मग भांडणं त्यांची, आणि कोबी आमचा का वाळायचा?"

कारकुनाकडे याचं उत्तर नव्हतं. मोठमोठ्या लोकांकडेही ते नसतं, फक्त ते कारकुनापेक्षा जास्त वेळ बोलतात. दोन महिन्यांत खताचं पोतं अडीचपट झालं. बंदरात जिथं महिन्याला खताची चार जहाजं यायची तिथं एक यायला लागलं. गोदामाच्या खिडकीपुढं पहाटेपासून रांग लागू लागली आणि माणशी एकच पोतं मिळू लागलं. इकडं मंडईत पीठ महागलं, तेल महागलं, आणि भाज्यांचं तर विचारूच नका. बायका टोमॅटो हातात घेऊन, उलटसुलट करून, पुन्हा जागेवर ठेवून द्यायच्या. लोकांना वाटायचं, भाजीवाल्यांची चंगळ आहे. पण भाजी पिकवायलाच खत नव्हतं, चंगळ कसली.

या दिवसांत मावशीच्या मातेऱ्याला सोन्याचं मोल आलं, आणि सोनं म्हटलं की त्यावर चार जणांची नजर जायचीच. गोदामात नवा मॅनेजर आला होता. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, स्वभावानं वाईट नाही. पण शेठनी त्याला बजावून पाठवलं होतं की दाणा अन् दाणा हिशेबात दिसला पाहिजे. एका शनिवारी त्यानं मावशीचे तीन ढीग काट्यावर ठेवले. चाळीस किलो भरले.

"मावशी, हे आता घरी नेता येणार नाही," तो म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे नाही, काट्याकडे बघत होता. "महिनाभर साठवू आणि पिशव्या भरून खिडकीवर निम्म्या भावात विकू. तुमचा पगार थोडा वाढवून देतो."

"बरं," मावशी म्हणाली. बावीस वर्षांचा शब्द असा एका 'बरं'मध्ये संपला. मुकादम मध्ये बोलायला निघाला, तिनंच त्याला डोळ्यानं थांबवलं. हातावर पोट असलेल्या माणसानं मालकाशी भांडायचं ठरवलं, तरी पोट ऐकत नाही.

महिना गेला. कालव्याकाठचा कोबी आधी फिका झाला, मग खालची पानं पिवळी पडली आणि गड्डे लिंबाएवढे होऊन थांबले. जावेनं एका शब्दानं विचारलं नाही. मावशी गेली की ती पिवळी पानं आधीच खुडून लपवायची, ताईंना दिसू नयेत म्हणून. मावशीला ती बांधाआड पडलेली दिसायचीच. मुलीचा फोन आला की दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत "सगळं छान आहे गं" म्हणायच्या.

मग तो शुक्रवार आला. महिन्याचं मातेरं तीन ढिगांत पडलं होतं. मॅनेजर पिशव्या घेऊन आला.

"तिन्ही एकत्र करा आणि भरा," तो म्हणाला. "मिश्र खत म्हणून विकू. लोकांना सगळंच लागतं."

"साहेब, ते एकत्र..." मावशीनं तोंड उघडलं.

"मावशी, झाडायचं काम तुमचं, विचार करायचं माझं," तो फोन कानाला लावत म्हणाला आणि गेला.

आता इथं थांबायला हवं, कारण मावशीच्या आयुष्यातली जी एक गोष्ट ती स्वतः कधी झाकत नाही, ती इथंच घडली. तिला त्याच्या मागं जाता आलं असतं. तिचा आवाज तर ट्रक मागं आणणारा होता. पण महिनाभराचा राग असा काही वर आला की तिनं पदर खोचला, एकच झाडू घेतला आणि पांढरं, करडं, तांबडं एका जागी लोटलं. कर म्हणालास ना, घे, केलं. पंचवीस पंचवीस किलोच्या सात पिशव्या तिनं भरल्या, तोंडं शिवली आणि हात झटकले. हवा दमट होती, पिशव्या दोन दिवससुद्धा कोरड्या राहणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. मुकादम त्या दिवशी स्टेशनवर माल उतरवायला गेलेला, नाहीतर त्यानंच हात धरला असता.

शनिवारी अर्ध्या तासात सातही पिशव्या गेल्या. रांगेकडे बघायला नको म्हणून मावशी त्या वेळी मागची बाजू झाडत होती, जिथं झाडण्यासारखं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी ती कालव्यावर गेली, तर जाऊ बांधावर उभी, चेहरा फुललेला.

"ताई, डोळे मिटा," जाऊ म्हणाली. "आता उघडा!"

तिच्या पायाशी पिशवी होती. टाके मावशीच्या हातचे.

"काल रांगेत उभी राहिले. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही नको म्हणाला असता. सायकल विकली. डोक्यावर नेईन भाजी, त्यात काय! आणि बाकी कुणाकडचं भेसळीचं मिळतं हो, पण हे तुमच्या हातचं, म्हणून डोळे झाकून घेतलं."

जावेनं विळ्यानं टाका उसवला आणि हात आत घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत करड्या चिखलानं माखलेला. पिशवीच्या बुडातून एव्हाना पाणी झिरपून बांध ओला झाला होता.

"हे काय?" जाऊ म्हणाली. "भिजलं का? पण पाऊस तर नाही."

मावशी बांधावर खाली बसली आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. मॅनेजर काय म्हणाला, आपण काय ओळखून होतो, आणि ओळखूनही कसं भरलं.

जावेनं माखलेला हात बांधावरच्या गवताला पुसला. मग म्हणाली, "माझ्यासाठी नव्हतं ना भरलं तुम्ही?"

"तुझ्यासाठी कसं भरेन गं? कुणासाठीच नव्हतं."

"असं कसं, ताई? कुणीतरी घेणारच होतं की."

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली. मावशीला नवरा गेला तेव्हाही असं मोकळं रडू आलं नव्हतं, ते त्या बांधावर आलं. मॅनेजरला धडा शिकवायला निघालेली ती, आणि धडा गेला रांगेतल्या सात गरिबांच्या घरी. मॅनेजरच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

जावेनं तिला थोडा वेळ रडू दिलं. मग कंबरेला पदर खोचून ती म्हणाली, "पुरे आता. एक ही पिशवी रडतेय, त्यात तुम्ही. पाणी आणा. चिखल झालाय, खत मेलं नाही अजून."

आणि खरंच, ते सुचलं जावेलाच. चिखल साठवला तर दगड होतो, पण त्याच दिवशी भरपूर पाण्यात कालवून मुळाशी दिला तर पिकाला लागतो. दोघींनी जुन्या पिंपात तो कालवला, बादलीभर पाण्याला वाटीभर, आणि ओळीओळीनं मगानं घातला. दुपारपर्यंत कंबरेचे तुकडे पडले. शेवटची ओळ झाल्यावर जाऊ म्हणाली, "बाकीच्या सहा कुणाकडे गेल्या?"

सोमवारी गोदाम उघडायच्या आधी मावशी मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. नोकरी गेली असंच धरून ती घरून निघाली होती.

"साहेब, पिशव्यांचा चिखल झालाय. होणार हे मला माहीत होतं. माहीत असून मी भरल्या."

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते. तुम्ही फोन घेतलात. पण मोठ्यानं ओरडले असते तर तुम्ही ऐकलं असतं. मी ओरडले नाही. ते माझं चुकलं."

त्यानं विक्रीची वही ओढली. "सात नावं आहेत," तो म्हणाला. "एक कालव्याचं."

"ते आमचंच."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बहुधा त्या क्षणी त्याला पहिल्यांदा कळलं की ते चाळीस किलो दर आठवड्याला कुठं जायचे.

त्या दिवशी गोदामाच्या टेम्पोत पुढं मॅनेजर, मागं मावशी, मुकादम आणि दोन हमाल असे सगळे उरलेल्या सहा घरी गेले. मावशीनं प्रत्येक दारात तेच सांगितलं, न चुकता, "माझ्यामुळं झालंय" इथून सुरुवात करून. एका घरच्या म्हातारीनं तिला असं काही झाडलं की बावीस वर्षांचं झाडणं त्यापुढं फिकं पडावं. पण बाकीच्यांनी पिंपं काढली, बादल्या काढल्या. मुकादमानं चिखल कालवला, हमालांनी पाणी ओढलं, आणि मॅनेजर बूट काढून वांग्याच्या ओळीत मग घेऊन वाकला. त्याला मग धरता येत नव्हता, निम्मं खत स्वतःच्या पायांवर जात होतं.

"साहेब, तुमचे पाय वाढतील, वांगी नाही," मुकादम म्हणाला, आणि तो माणूस पहिल्यांदा सगळ्यांसमोर हसला. एका घरी तर त्यांना जेवू घातलं. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच घरचं जेवताना मावशी ताटातला भात नुसता चिवडत होती. घरची बाई म्हणाली, "खा हो. येऊन सांगितलंत, एवढं तरी कोण करतं?"

संध्याकाळी परत आल्यावर मॅनेजरनं शेठना फोन लावला. मावशी बाहेर थांबली. तो बराच वेळ बोलत होता. बाहेर येऊन म्हणाला, "शेठ म्हणाले, ठीक आहे. मातेरं तुमचं, पूर्वीसारखं. या शनिवारपासून न्या."

मावशीनं शेठना मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. त्या महागाईत, जेव्हा सख्खा भाऊ भावाला मूठभर खत देत नव्हता, तेव्हा तिची हातगाडी पुन्हा दर शनिवारी कालव्याकडे जायला लागली. कोबीनं रंग धरला. गड्डे भरले. त्या हंगामात मंडईत कोबीला भाव असा होता की जावेनं डोक्यावरून वाहून वाहून विकला तरी मुलीची वर्षभराची सोय लागली, आणि ती परीक्षा देऊन मोठ्या दवाखान्यात कामाला लागली. मावशी अजून सांगते, "मुलगी माझी, पण नर्स केली तिला धाकटीनं."

पुढच्या वर्षी तिकडच्या देशांचं काहीतरी मिटलं किंवा मिटवलं. जहाजं आली. पोत्याचा भाव धाडकन खाली आला, खिडकीपुढची रांग गेली, आणि आदल्या वर्षी भाव खाणारे दुकानदार गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देऊ लागले. अशाच एका निवांत सकाळी कारकून सवयीनं भाव वाचत होता. वाचता वाचता म्हणाला, "चला, साहेब सुटले एकदाचे."

"कशातून?" मावशीनं विचारलं.

कारकुनानं जीभ चावली. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. शेठ त्या दिवशी फोनवर ठीक आहे म्हणालेच नव्हते. दाणा सोडणार नाही म्हणाले होते. त्या दिवसापासून आठवड्याच्या आठवड्याला मावशीचं मातेरं काट्यावर चढायचं, त्याची पावती व्हायची, आणि ते पैसे मॅनेजरच्या पगारातून कापले जायचे. अकरा महिने, भाव उतरून शेठनी ती कपात थांबवेपर्यंत. "तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती," कारकून म्हणाला.

मावशी हातातला झाडू तसाच घेऊन आत गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. स्वस्ताईत सगळेच देतात, तुम्ही महागाईत दिलंत, असं काहीतरी वाटेत जुळवलंही होतं. पण टेबलाशी पोचल्यावर तो आवाज, जो ट्रक मागं आणायचा, तो फुटेचना.

"साहेब," ती म्हणाली, "मी दुवा शेठना देत होते हो. वर्षभर."

मॅनेजर गडबडून उठला. रडणाऱ्या बाईपुढं काय करावं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं झाडू तिच्या हातातून काढून भिंतीला टेकवला आणि आपली खुर्ची पुढं ओढली. "बसा, मावशी. आधी बसा."

बावीस, आता तेवीस वर्षं ती त्या खुर्चीखालून झाडत आली होती. ती बसली. मॅनेजर स्वतः माठातलं पाणी आणायला गेला, आणि तो येईपर्यंत ती डोळे पुसत तशीच बसून राहिली.